शिळेवरची न काढलेली छाप

तीर्थरूप बाबा,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच आहे, पण आज कागद घेऊन बसले. काल ठाण्याला आपल्या छापखान्यात जे झालं, ते मीच तुम्हाला कळवलेलं बरं.

तुमच्या मागे विनूने तुमच्या शेवटच्या शिळेला, त्या छपाईच्या दगडाला, हातच लावला नव्हता. तुमची अक्षरं तिच्यावर उतरलेली, आणि एकही छाप निघायच्या आत तुम्ही अंथरूण धरलंत. त्याने शिळेवर धुतलेला पंचा पसरला आणि रोज सकाळी त्यावर फूल वाहू लागला. थेट दगडावर हळदकुंकू वाहिलं नाही हे नशीब! मुलगा तुमचा, पण छापायचं सोडून देवघर मांडून बसला.

दुसरी शिळा तडकलेली, म्हणजे काम घ्यायचं कशावर? कल्याणचे शाळामास्तर मुलांसाठी पाढ्यांची उजळणी छापायला आले, त्यांना विनू म्हणाला की दगड मोकळा नाही. एकीकडे त्याने कचेरीत कारकुनीसाठी खटपट सुरू केली. तेव्हा आईने मला इथे कल्याणला निरोप धाडला की ये, छापखाना बंद पडायच्या आत त्याला समजाव. मी काय समजावणार होते, बाबा? दगड कोरा करायला त्या अक्षरांवर वाळू फिरवायची ही कल्पना मलाही सोसत नव्हती.

तुमच्यामुळे मी अक्षरं उलटी शिकले, आठवतं? तुम्ही तेलकट शाईने कागदावर सुलटं लिहायचात. तो कागद दगडावर दाबला की अक्षरं उलटी उतरायची, आणि छापली की पुन्हा सुलटी. मी आपली तुमच्या पायाशी बसून दगडच बघायची. पाटीवर पहिला ग काढला तो तोंड फिरवलेला. आईने कपाळाला हात लावला आणि तुम्ही ती पाटी शेजाऱ्यांना दाखवत फिरलात. पंतोजींच्या छड्या मात्र माझ्या वाट्याला. हा कुठला न्याय?

आणि चेंदणी कोळीवाड्याचे ते नाखवा! मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आले होते. तुम्ही प्रूफ दाखवलंत, त्यावर चुकांच्या तुमच्या तांबड्या खुणा. ते बघून म्हातारा खूश झाला. म्हणाला, लाल रंग बरा दिसतो, सगल्यांवर तसाच मारा. तुम्ही त्यांना समजावता समजावता संध्याकाळ केलीत. जेवताना म्हणालात, गिऱ्हाइकांसाठी छापखान्यातल्या शब्दांचा एक कागदच काढायला हवा. आम्ही हसलो आणि विसरलो.

तुम्ही विसरला नव्हतात.

काल मी पंचा काढला. विनूला उलटं वाचता येत नाही. छाप काढल्याशिवाय दगडावर काय आहे ते त्याला कळणार नव्हतं, आणि छाप काढायला त्याचा हात धजत नव्हता. आई उंबऱ्याशी बसली होती. मी दगडावर वाकून वाचायला लागले.

“गिऱ्हाइकांस छापखान्यातले शब्द. प्रूफ: चुका शोधण्यासाठी काढलेली पहिली छाप. तांबड्या खुणा शोभेच्या नव्हेत.”

आई हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

“फर्मा: एका कागदावर एकदम छापलेली पाने. घडी घालेपर्यंत पानांचा क्रम चुकलेला दिसेल, भांडू नये.”

मग शेवटचा शब्द आला. “घासणे: काम झाल्यावर शिळा वाळूने घासून कोरी करणे. गिऱ्हाइकाने हळहळू नये. अक्षर कागदावरून घरी गेलेले असते.”

विनूने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग आई म्हणाली, “आधी छाप काढ, मग घास. त्यांचं काम अडवून ठेवू नकोस.”

त्याने दगडावर पाणी फिरवलं, शाईचा रूळ चालवला. पहिले कागद फिके आले, पुढचे मात्र ठसठशीत. एक दारावर लावला आहे, एक आईने देवाच्या पोथीत ठेवला, एक मी कल्याणला आणला.

घासायला विनूचा हात उठेना. मग मीच वाळू टाकली, तडकलेल्या शिळेचा तुकडा घेतला आणि सुरुवात केली. थोड्या वेळाने तोही आला. राखाडी पाणी वाहून गेलं, खालून दगड स्वच्छ निघाला. मी रडले, लपवत नाही. हळहळू नये असं तुम्ही गिऱ्हाइकांना लिहिलंत. मुलीसाठी काही लिहायचं तुमच्याकडून राहूनच गेलं ना?

उजळणीचं काम विनूने घेतलं आहे. त्याचं अक्षर तुम्हाला माहीतच आहे, म्हणून पानं मी लिहून द्यायची ठरलं. तुमच्या जावयांना विचारलं, तर ते स्वतःच बोरू तासून देत बसले. बे एके बे आज लिहून झालं.

बाबा, माझी अक्षरं विनू घासेल त्या दिवशी मी ठाण्याला येऊन वाळू टाकायला उभी राहीन आणि हळहळणार नाही, हे वचन देते. तुमच्यासाठी मात्र हळहळेन. त्याला तुमची हरकत मी चालू देणार नाही.

उलटा ग काढणारी तुमची,
काशी