मडक्यातला अविश्वास

नंदुरबार, रविवार, २० नोव्हेंबर १९३८
आज हद्द झाली. वाचनालयाच्या नकली पार्लमेंटमध्ये भर प्रश्नोत्तरांत पंतप्रधान झोपले. गौतमचंद शेठ मिरचीचे मोठे व्यापारी. सतरंज्या त्यांच्या, चहा त्यांचा, म्हणून पाच वर्षे दर रविवारी तेच पंतप्रधान. मी त्यांच्याच पार्टीचा चिटणीस. पण देशाला, नकली का होईना, जागा लीडर हवा. कोर्टात रोज बारा पाने नक्कल करणारा माणूस हे काम सहज करील. नाव सध्या लिहीत नाही.
संकल्प: (१) महिन्याच्या आत सरकार पाडणे. (२) पार्लमेंटचा चहा सोडणे, कारण तो शेठजींचा.

रविवार, २७ नोव्हेंबर
चहा घेतला. संशय येऊ नये म्हणून दोन कप.
आठवडाभर प्रायव्हेट गाठीभेटी चालल्या आहेत. रायसिंग मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हनशात तसंच करूत, भाऊसाहेब." कापडवाले धर्मचंद म्हणाले, शेठ आता थकले. पार्टीत शेठजी आणि मी धरून दहाजण. उरलेले आठही माझ्या बाजूला. मेजॉरिटी इतकी मोठी आहे की शेठजींची दया येते.

बुधवार, ३० नोव्हेंबर
मतदान गुप्त हवे. चिठ्ठी नको, सगळ्यांची अक्षरे मी ओळखतो आणि ते माझे. रात्री सुचले, मिरच्या! विश्वास असेल तर लाल, नसेल तर हिरवी. वाळलेली मिरची खुळखुळते, आवाजावरून मत फुटेल, म्हणून दोन्ही ताज्या तोडलेल्या. नाशिकहून येऊन दोनच वर्षे झाली, पण या गावाची नाडी मला सापडली आहे.
हिची नेहमीची तक्रार. टोपलीत ठेवलेल्या हिरव्या मिरच्या आठ दिवसांत लाल झाल्या, आता ठेचा कशाचा करू? मी म्हटले, राजकारण चालू असताना स्वयंपाकघर मध्ये आणू नये.

रविवार, ४ डिसेंबर
अविश्वासाचा ठराव मांडला. विरोधी पक्षाच्या तिघांना ओट्यावर बसवले, कारण हा आमचा घरगुती प्रश्न. प्रत्येकाला एक लाल, एक हिरवी. मडके पडद्याआड. एकेकाने आत जाऊन एक टाकायची, दुसरी खिशात घालून घरी न्यायची. शेठजींनीही टाकली.
माझे मत मुत्सद्देगिरीने टाकले. म्हणजे लाल. शेठजींनी नुकतीच माझ्या खोकल्याची चौकशी केली होती, हात हिरवीकडे जाईना. पण आठ पुरे आहेत. शिवाय उद्या त्यांनी विचारले तर खरे सांगता येईल.
शेठजी म्हणाले, मोजणी मी परतल्यावर करा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा आहे. घाबरले! मी मडक्याचे तोंड फडक्याने बांधून लाखेने सील केले. कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला.

गुरुवार, ८ डिसेंबर
दलसिंग टेलरकडे काळ्या लांब कोटाचे माप दिले. नाताळच्या बैठकीला मामलेदारसाहेब येणार आहेत. पंतप्रधानांचे भाषण इंग्रजीत होईल. सुरुवात तयार आहे, शेवटही. मधले राहिले.
आंघोळ करताना स्वतःला 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणालो. हिने बाहेरून विचारले, पाणी गार आहे का?

बुधवार, १४ डिसेंबर
मंत्रिमंडळ पक्के. शेठजींना सन्मानाने बिनखात्याचे मंत्री ठेवीन, म्हणजे सतरंज्या राहतील. कोर्टात एका दाव्याच्या नकलेखाली सही करताना 'पंतप्रधान' लिहिले. पान फाडून पुन्हा लिहिले.

रविवार, १८ डिसेंबर, सायंकाळी ७
मडके फोडले. दहाच्या दहा लाल.
टाळ्या पडल्या. शेठजी मात्र मडक्याकडे पाहत होते. मग म्हणाले, एकमत लिहून टाका, भाऊसाहेब. तिथेच गप्प बसायला हवे होते. पण मला हिची टोपली आठवली. उभा राहून मी सभेला शास्त्र समजावले: पंधरा दिवसांत हिरव्या पिकून लाल झाल्या, यात आठ तरी मूळच्या हिरव्या आहेत, जाणकाराकडून तपासून घ्या. मागणी मान्य झाली. जाणकार गावात एकच, सभेचे पंतप्रधान.
शेठजींनी चष्मा लावला. एकेक मिरची उजेडाला धरली, देठ पाहिला, दाबून पाहिली. नऊ एकीकडे ठेवल्या. दहावी फिकट होती, देठापाशी पिवळसर. "हाई एकच मडकामा पिकनी," ते म्हणाले. "बाकीन्या झाडवरच लाल व्हयेल शेतस."
मी विचारले, ही कोणाची?
"हाई मन्ही शे," शेठजी म्हणाले. पाच वर्षे रविवारची झोप नाही, चहा पाजायचा आणि वर प्रश्न ऐकायचे. यंदा सुटका होईल असे त्यांना वाटले होते. "मी तुमना भरोसावर बठेल व्हतू, भाऊसाहेब."
मला लाज वाटली. त्यांना इतके वाईट वाटताना मी कधी पाहिले नव्हते.
बाहेर रायसिंग मास्तरांना गाठले. "मी म्हनं, बाकीना हिरवी टाकतीनच. मन्ही एक लाल पडनी तर काय बिघडस?" धर्मचंदही तेच म्हणाले. बाकीचेही. संताप आला. अशा कचखाऊ माणसांना घेऊन कोणी बंड करावे?

सोमवार, १९ डिसेंबर
चिटणीस म्हणून मिनिट्स लिहिले. पंतप्रधानांवर विश्वास: बाजूने नऊ. विरुद्ध एक, पंतप्रधान.
नाताळचे भाषण शेठजींना येत नाही, इंग्रजीत मी लिहून द्यायचे आहे. मधलेसुद्धा. कोट शिवून आला. हिने विचारले, हा घालून कुठे जायचे? म्हटले, थंडी आहे.