काकीच्या भिंतीवरचा चार्जर

आई, आपल्याकडे आता विजेवर चालणारी गाडी आहे आणि तिच्यासाठी अंगणात चार्जर बसवला आहे. तू असतीस तर आधी माझे हात कोरडे आहेत का ते पाहिलं असतंस. रात्री गाडीला एक जाड वायर लावून ठेवायची आणि सकाळी तीच घेऊन रोह्याला कंपनीत जायचं, असं आता चाललं आहे. पूर्वी पहिल्या शिफ्टला जाताना तू दारात उभी राहून आगगाडी कासू स्टेशनात आली की नाही याचा कानोसा घ्यायचीस आणि मला घाई करायचीस. या गाडीचा काही कानोसा घेता येत नाही. ती सुरू झालेली मलासुद्धा कळत नाही. तुझ्या नातीच्या हट्टाने घेतली, पण आता मलाही आवडते.

चार्जर बसला आहे तो काकीच्या घराच्या अंगणाकडच्या भिंतीवर. तुला सांगायचं आहे ते हे.

घराच्या वाटण्या झाल्या आणि मधे भिंत आली, तरी मीटर एकच राहिला, तो आपल्या बाजूला. काकीच्या घरात दोन दिवे होते आणि त्यांची वायर आपल्याकडून भिंतीतल्या भोकातून जायची. भोक वायरीपेक्षा बरंच मोठं पडलं होतं. वीज गेली की तू तिथे तोंड नेऊन विचारायचीस, "गो, तुझ्याकडे काड्या हायेत काय?" आणि पलीकडून आगपेटीतल्या दोन-चार काड्या एकेक करून सरकत यायच्या. आम्ही पोरं त्या पकडायला भांडायचो. काड्या आल्या की काम झालं असं नसायचं. मग तुमच्या गप्पा सुरू व्हायच्या, भातं कशी आहेत, कुणाची म्हैस व्यायली, आणि बाबा जेवणासाठी ताटकळत बसायचे.

विजेची तुला भीती वाटायची. मिक्सर आला तेव्हा तू लाकडी पाटावर उभी राहिल्याशिवाय बटण दाबत नव्हतीस. ढगांचं तर विचारूच नये. लांब कुठे तरी गडगडलं तरी पदर हाताला गुंडाळायचा, पाट ओढायचा आणि मेन स्विच खाली. एकदा माझा गृहपाठ अर्धा राहिला होता म्हणून मी तो परत वर केला. तू लाटणं घेऊनच आलीस. मनगटावर एक बसलं. मग तूच कंदील पेटवलास, काच पुसलीस आणि माझी गणितं होईपर्यंत शेजारी बसून राहिलीस. मला अजून त्या कंदिलाचा रॉकेलचा वास आठवतो, लाटण्याचं दुखणं आठवत नाही.

तो दिवस दिवाळीच्या थोडा आधीचा. भातं कापायला आली आहेत आणि संध्याकाळी आभाळ भरून येतं आहे. काकीकडे तिच्या मुलीला, आमच्या ताईला, बघायला रोह्याची माणसं आली आहेत. दुपारी तूच ओलं खोबरं खवून दिलं आहेस आणि तुझी चांगली कपबशी भिंतीपलीकडे गेली आहे. पोह्यांच्या बशा फिरल्या असतील नसतील, तेवढ्यात ढग वाजला. मी तुझ्याजवळच होतो. तू काही विचार केलास असं मला दिसलं नाही. पदर गुंडाळलास, पाटावर चढलीस आणि मेन खाली ओढलास. दोन्ही घरं एकदम काळोखात गेली. पलीकडे कुणाच्या तरी हातून बशी पडली. पाहुणे पावसाच्या धास्तीने लगेच उठले आणि पुढे त्यांचा निरोप आला नाही.

ते गेल्यावर काकी आपल्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुला आजचाच दिवस सापडला?" तू अजून त्या पाटावरच होतीस. घाबरले, एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. बाबांनी नंतर तसं म्हटलं तर तू म्हणालीस, "तिला ठाऊक हाय मी कशी हाय ती. सांगायला कशाला पायजे?" काकीने वर्षाच्या आत स्वतःचा मीटर घेतला आणि गवंड्याला बोलावून भोक बुजवलं. ताईचं लग्न पुढे गडब गावी झालं, माणसं चांगली मिळाली. तुमचं बोलणं मात्र बंद ते बंदच. आम्हा पोरांना कुणी अडवलं नाही, सणाला ताट इकडून तिकडे गेलं, पण ते आमच्या हातून. तू गेलीस त्या दिवशी काकी आली, तुझ्या पायाशी बसली आणि कुणाशी न बोलता उठून गेली.

गाडी अंगणात काकीच्या बाजूला उभी राहते, आपल्या बाजूला विहीर आहे म्हणून. पेणहून वायरमन आला, मीटर बघून गेला, जास्तीचा लोड मंजूर करून घेतला, अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. उरली होती भिंत. आपल्या घरातली वायर पुन्हा काकीच्या भिंतीवर न्यायची तर तिला विचारायला हवं होतं, आणि ती काय म्हणेल याची मला धाकधूक होती. ती नाही म्हणाली असती तर मला त्यापुढे काही बोलता आलं नसतं.

काकी ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, पण बोटं बरोबर चालतात. मी काय काम आहे ते सांगितलं. तिने परात माझ्याकडे सरकवली. "रिकामा बसू नको. सोल." मग बराच वेळ गाडीची चौकशी केली. किती माणसं बसतात, रोह्याला जाऊन परत येते का, वाटेत बंद पडली तर ढकलायची कुणी. रात्रभर वायर लावावी लागते हे ऐकून म्हणाली, म्हणजे तान्हं पोर सांभाळल्यासारखंच झालं. मी हसलो, ती हसली नाही.

"गडगडलं का बंद करशील?" तिने विचारलं.

मी सांगायला लागलो की त्याच्यात सगळी सोय असते, आपोआप बंद होतं.

"ता मला नको सांगू. तू उठून बंद करशील काय नाय?"

"करीन, काकी."

ती पुन्हा सोलायला लागली. मला वाटलं, झालं. मग खाली बघूनच म्हणाली, "माझा मीटर आला ना, त्या वर्षी आभाळ वाजलं तवा तुझा काका घरात नव्हता. पोरं निजलेली. मी उठले नि मेन खाली ओढला. हात कसा गेला माझं मला कळलं नाय. मंग काळोखात बसले होते तवा समजलं, तिनं मुद्दाम नव्हतं केलं."

मी विचारलं, मग आईला सांगितलं का नाहीस?

"उद्या सांगू, उद्या सांगू. मंग इतके दिवस झाले का सांगायचीच लाज वाटाय लागली. ती गेली तवा सांगितलं, पायाशी बसून. कुणाला ऐकू जाईल असं नाय." परातीतल्या साली तिने एका बाजूला केल्या. "लाव तुझा डबा. खिडकीच्या खाली लाव पण. चालू हाय का बंद, मला बघाय पायजे."

तसाच लावला आहे, खिडकीच्या खाली. त्याच्यावर एक हिरवा दिवा लागतो, तेवढा तिला दिसतो. परवा संध्याकाळी पेणच्या बाजूला आभाळ वाजलं तर मी उठायच्या आत तिची हाक आली, बंद केलास काय म्हणून. म्हणजे आई, इतकी वर्षं ढग वाजला की भिंतीच्या अलीकडे तू उठत होतीस आणि पलीकडे ती, आणि दोघी आपापल्या काळोखात बसत होतात. काकीने तुला हे सांगितलं तेव्हा तुला ऐकू गेलं नसणार, म्हणून मी लिहून ठेवतो आहे. लिहूनही ते तुझ्यापर्यंत कसं जाणार ते मला माहीत नाही, आणि हे मी घरात कुणाला दाखवणारही नाही.

तुझ्या सूनबाईने मला विचारलं होतं की काकींच्या भिंतीचा एवढा आग्रह कशाला. मी सावलीचं कारण सांगितलं. वायरमनने पहिल्याच दिवशी आपल्या ओटीचा खांब दाखवला होता. मीटर जवळ, वायर कमी, गाडी दोन हात अलीकडे घेतली की झालं, म्हणाला. मीच त्याला नको म्हटलं. काकीकडे जाऊन बसायला मला काही तरी काम हवं होतं. आणि ती नाही म्हणाली असती तर मी गुपचूप घरी येऊन खांबावरच लावणार होतो.