झोळीतला तंबोरा

लोणावळा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५४

तीर्थरूप नानाकाकांस, केशवाचा साष्टांग नमस्कार. तळेगावच्या थंडीत तुमचा दमा आणि काकूंचे गुडघे समजुतीनं घेत असतील, अशी आशा आहे. तुमचा तंबोरा सुखरूप आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

भाजे गावच्या भजनी मंडळानं मला पहिल्यांदाच गायला बोलावलं होतं. माझं नाव त्यांना ठाऊक, तोंड कुणी पाहिलेलं नाही. (आजवर माझं गाणं ऐकलं ते एकट्या आमच्या सौ. अरुंधतीनं, तेही भाकऱ्या थापताना, मध्येच उठता येत नाही म्हणून.) भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून मी तंबोरा गोधडीत गुंडाळला, मळवलीला उतरून घोंगडीच्या झोळीत निजवला आणि बांबूला बांधून सोपान आणि नथू या दोन गड्यांच्या खांद्यावर दिला. आपल्या मावळात आजारी माणूस असाच नेतात, हे मला सुचू नये? पण माझा सगळा जीव भोपळ्यात! "हळू रे बाबांनो," असं माझं सारखं चाललेलं. सोपान हळहळला, "लय खंगल्यात वो, वजनच न्हाई." मला वाटलं, थट्टा करतोय.

वाटेत अंबूबाई नावाची म्हातारी भेटली. ती मायेनं गोधडी सारायला गेली आणि मी ओरडलो, "हात लावू नका!" झालं. बुवांना साथीचं दुखणं लागलंय, अशी दवंडी पिटत ती आमच्या आधी गावात पोचली. आम्ही गेलो तर दारं बंद, सतरंज्या गुंडाळलेल्या. मंडळाचे भिमाजीअण्णा लांबूनच हात जोडून उभे. मी घसा फोडून सांगतोय, अहो गवई मीच, मी गातो! तर म्हणे, "धसका घेतलाय बिचाऱ्यानं." झोळी उघडून दाखवतो म्हटलं, तेव्हा उरलेलेही पळाले. सोपान-नथूही पळाले (झोळी मात्र हळूच ठेवून, खोटं कशाला बोलू). काका, फार वाईट वाटलं हो. एवढा रियाज केला होता. तंबोरा पाठीवर घेऊन एकटाच स्टेशनावर आलो. काकूंना नमस्कार.

आपला,
केशव

ता. क. : आज भिमाजीअण्णांचा निरोप आला. बुवा गेल्याचं ऐकून गाव हळहळतंय. शनिवारी त्यांच्यासाठी भजन ठेवलंय, औंढ्याचीही माणसं येणार आहेत. बुवांबरोबरच्या पाहुण्यांना गाण्याची फार हौस दिसली, तेव्हा त्यांनीच गावं, असं ठरलंय. मी होकार कळवला. तरी तंबोरा तोवर माझ्याकडे राहू द्यावा.

आणखी एक : मी गेल्याची बातमी ऐकून तुमच्या शेजारच्या घोरावाडीकडून कुणी समाचाराला आलंच, तर चहा पाजा, काकूंना आवरा, आणि मी जिवंत आहे हे रविवारपर्यंत कृपा करून बोलू नका.