शेळी सोडवणारा जवान

३ डिसेंबर
सांगलीहून कोयनानगर. सिनेमात मुख्य भूमिका, तीही जवानाची. वळणांच्या रस्त्यावर पूर्ण वेळ डोळे मिटून होतो. व्यक्तिरेखेचा विचार. शेजारच्या बाईंनी न विचारता लिंबू दिलं.
मुक्काम बनुबाई आजींकडे. भिंतीला तडा आहे. म्हणाल्या, भूकंपाचा, पण जुना; आता नुसतं हलतं. कधी, ते विचारलं नाही. फार माहिती झाली की अभिनय बिघडतो.

४ डिसेंबर
माझा जवान गावी येतो, लोक हार घालतात, तो म्हणतो, ‘मला हिरो म्हणू नका.’ सगळा सिनेमा या वाक्यावर. दहा टेक झाले. दिग्दर्शक क्षमा म्हणाली, धवल, तू नको म्हणतोस, पण मान हारासाठी आधीच वाकलेली असते. परवापर्यंत जमलं नाही तर रोल दुसऱ्याला.
आजींकडून दोन घोंगड्या मागून घेतल्या. थंडी.
संकल्प : उद्यापासून पहाटे धावणे.

५ डिसेंबर
धावलो नाही. धुकं.
नाथाजी पाटणचे, निवृत्त फौजी, शौर्यपदकवाले. मला सॅल्यूट शिकवतात, उतरलेतही इथेच. विचारलं, भीती कशी जिंकलीत? म्हणाले, कोपर वर घ्या पावणं. चहावाला ‘आमचे हिरो’ म्हणाला, तर अर्धा चहा ठेवून निघून गेले. मी असतो तर सगळा प्यायलो असतो.
बॉम्बचा सीन पुढे ढकलायला सांगितलं. माझ्यासाठी नाही, युनिटसाठी.

६ डिसेंबर, दुपार
जेवताना जमीन हलली. भांडी वाजली. आजी भात वाढत राहिल्या. मी परिस्थितीचा आढावा घ्यायला बाहेर गेलो. जरा वेगाने. ओसरीवर शेळीच्या दाव्यात पाय अडकला, खुंटी उपटली, मी अंगणात, मागे शेळी.
आजी बाहेर आल्या. सगळ्या आळीला सांगत सुटल्या, सवताचा जीव न बघता लेकरानं माझी शेळी सोडवली बगा. टिळा लावला, ओवाळलं. पोरं हिरो हिरो करायला लागली. मला निरांजनाकडे बघवेना.
नाथाजी पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. उठून खुंटी परत ठोकली. ते कुणाला सांगतील म्हणून खोलीत येऊन पडलोय. की भात जास्त झाला असेल.

६ डिसेंबर, संध्याकाळ
अकरावा टेक. समोर हार धरायला आजींनाच उभं केलेलं. ‘मला हिरो म्हणू नका.’ मान वाकलीच नाही. क्षमा म्हणाली, ओके, कुठून आणलंस हे? म्हटलं, अभ्यास.
नंतर नाथाजी शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, आमचं बी आसंच झालं हुतं गड्या. मी भिऊन पळालो, माज्या मागनं दोघं पळाली. आमी हुतो तितं गोळा पडला. ती वाचली, मला पदक. मी हसलो. ते हसले नाहीत.
संकल्प : आजपासून अंगणात झोपायचं. आत फार उकडतं, डिसेंबर असला तरी.
खाट घेऊन बाहेर आलो. नाथाजींची आधीच तिथे होती.