वाचून दाखवलेलं पत्र

दाङ, कार्तिक १४, संवत २०६७

ती. दलबीरदादास मनसराचा सा. न. वि. वि.

पत्र वहिनीच वाचून दाखवणार, तेव्हा तिलाही नमस्कार. वहिनी, दादाची चूक काढलेली असेल तिथे जरा मोठ्याने वाच.

इकडे मोहरी पेरून झाली. पोरगी फुलमती आता पडत-उठत चालते. तिला आम्ही ‘कमांडर’ म्हणतो. राजाच्या फौजेशी चाललेलं युद्ध संपून चार वर्षं होत आली, माझ्याही हातात बंदुकीऐवजी विळा आला. हस्तबीर नवरा झाला तरी चारचौघांत अजून मला कॉम्रेड म्हणतो. सासूबाई मात्र विचारतात, नवऱ्याआधी जेवायला कुठल्या पलटणीत शिकलीस म्हणून.

थंडीचे दोन महिने तिकडे येऊ का? मला या घरात झोप लागत नाही. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मनसरा

रोल्पा, मंसिर २

चि. मनसरास दलबीरचे अ. उ. आ.

गौमाया लिहिते आहे. चुका तिच्या, अक्कल माझी. फुलमतीला बढती मिळाल्याचं ऐकून फार हसलो.

ये ना, पण हस्तबीरला घेऊन ये. सुरुंगात माझे डोळे गेले तेव्हा दोन दिवस त्याने मला पाठीवरून वाहून आणलं. असा माणूस घरात वाईट वागेल, हे मला पटत नाही. लढाईने आम्ही सगळेच तापट झालो आहोत. तीस जणांवर हुकूम चालवायची तुझी सवय आता सोड, थोडं नमतं घे. तुझ्या वहिनीकडे बघ, दहा वर्षांत एक तक्रार नाही.

जिवाला जप, आम्हांला विसरू नकोस.

तुझा,
दादा

दाङ, मंसिर १५

ती. दादास सा. न.

आता स्पष्टच लिहिते. वहिनी, लाजू नकोस, एकही शब्द गाळू नकोस.

हस्तबीरने हात उगारला असता तर मीही उगारला असता. तो मारत नाही. मी नको म्हणते, तो थांबत नाही. फुलमती झाली तेव्हा बाराव्या दिवशीही थांबला नाही. मी रडले, तर आई जागी होईल म्हणून तोंडावर हात दाबून धरला. सकाळी म्हणाला, बायकोचा कसला नकार.

छावणीत त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं होतं. दोन्ही वेळा सलाम करून परत गेला. म्हणून तर मी त्याला हो म्हटलं, दादा.

तुला वाचवणारा हाच, आणि हे करणाराही हाच. तुला वाचवलं म्हणून माझं अंग त्याच्या मालकीचं झालं का?

उत्तराची वाट बघते.

मनसरा

रोल्पा, मंसिर २९

चि. मनसरास गौमायाचे अ. उ. आ.

हे पत्र मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते आहे.

तुझं पत्र यांना चुलीपाशी वाचून दाखवलं. हे मक्याची कणसं सोलत होते. ‘मी नको म्हणते, तो थांबत नाही’ इथे मी अडले. अक्षर लागत नाही का, असं यांनी विचारलं. लागतंय म्हटलं आणि पहिल्यापासून वाचू लागले. त्याच ओळीशी पुन्हा अडले. यांचे हात थांबले.

पत्र संपल्यावर म्हणाले, तिला लिही, पोरीला घेऊन निघून ये, हे घर तुझंच आहे.

मी लेखणी घेतली नाही. विचारलं, आणि मी पोरांना घेऊन कुठे जाऊ?

हे उठले आणि भिंत चाचपडत गोठ्याकडे गेले. त्याला आज आठ दिवस झाले. तिथेच झोपतात, ताट मी तिथेच नेऊन ठेवते. काल म्हणाले, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. मी म्हटलं, सांगत होते, दर वेळी.

तू ये. खोलीला आतून कडी बसवून घेतली आहे. बुधवारच्या बसला मी स्वतः थांब्यावर येऊन उभी राहते.

पोरीला पापा. तुझा माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
गौमाया