आतून गुळगुळीत

सोमवार, ४ तारीख
आज काकांच्या घरी आलो. मावशी गेल्यापासून ते एकटेच असतात. सोबतीला बेचाळीस साप आणि सरडे. काचेच्या पेट्या परवडत नाहीत म्हणून सगळे प्लास्टिकच्या डब्यांत. डबे तयार करायचं काम आता माझं. माझी खोली लहान, पण छान उबदार आहे. बस्तान बसलं की धाकट्या बहिणीला बोलावून घेणार. सावत्र आईच्या तावडीतून ती सुटली की मी जिंकलो.

गुरुवार, ७ तारीख
डबा शिकलो. एका टोकाखाली गरम पट्टी, दुसरं टोक थंड. तळाला कागद, पाण्याची वाटी, लपायला उपडं खोकं. हवेची छिद्रं तापलेल्या सळईने पाडायची, पण आतून बाहेर. म्हणजे वितळलेला खरबरीत काठ बाहेर राहतो, जनावराला ओरखडत नाही. जागा मोठी झाली तर जनावर घाबरतं, खाणं सोडतं. माझी जपून पाडलेली छिद्रं बघून काका म्हणाले, जावयासाठी बंगला बांधतोयस का रे?

शनिवार, १६ तारीख
काकांनी स्वतःहून बहिणीसाठी शेजारची खोली दिली. दार कुजलेलं, म्हणून त्यावर जाड प्लास्टिक ठोकलं. छिद्रं पाडली. सवयीने आतून बाहेर. तिला फोन केला, न बोचणाऱ्या छिद्रांचंही सांगितलं; पुढच्या रविवारी येते म्हणाली. रडत होती.

मंगळवार, १९ तारीख
माझी पलंगाकडची भिंत कायम गरम असते. पलीकडे स्वयंपाकघर असेल असं वाटायचं. नाही. समोरची भिंत थंड. कपाटामागे भिंतीला प्लास्टिक ठोकलेलं, त्यात छिद्रं सापडली. बोट फिरवलं. एकही काठ बोचला नाही.

बुधवार, २० तारीख
काकांना विचारलं. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा वहीत लिहिला. माझा फोन दुरुस्तीला म्हणून घेऊन गेले. म्हणाले, नीट खात नाहीस. खोली मोठी पडते का तुला?

गुरुवार, २१ तारीख
उठलो तर मधोमध प्लास्टिकची भिंत. खोली निम्मी. दार बाहेरून बंद. आतून कडी नाही – कधी नव्हतीच –

रविवार, २४ तारीख
ती आली. जिन्यात आवाज. दादा डबे आणायला गेलाय, असं काका सांगतायत. घसा बसलाय – भिंतीवर लाथा मारतोय –
ती विचारते, कसला आवाज. जनावर कात टाकायला आलं की असंच धडपडतं, काका म्हणतात.
हसली.
शेजारी गेली. खोली किती उबदार, म्हणते. दाराची छिद्रं चाचपतेय – ही दादाच्याच हातची, एकही बोचत नाही –
बाहेरून कडी ला