दालियनला जाण्याआधी

प्रिय नवसूदादा,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी इकडचे-तिकडचे दोन-चार जण वाचतील, हे मला ठाऊक आहे. वाचू देत. यात चीनमधल्या शहरांची नावं येणार आहेत, तेवढ्यावरून कुणी काही भलतं समजू नये म्हणून आधीच सांगून टाकते. मी तुझी धाकटी बहीण चंदना, मोखाड्याच्या पाड्यावरची, चिनी भाषा शिकते आणि उन्हाळ्यात ती आणखी शिकायला तिकडे जायचं म्हणते. मागच्या पत्रातही हे लिहिलं होतं, पण ते कराचीच्या तुरुंगापर्यंत पोचलं की वाटेतच राहिलं, कळायला मार्ग नाही. तुझं शेवटचं पत्र आलं त्यात तू बरा आहेस, आईला सांभाळा आणि नागली कशी झाली, एवढंच होतं. नागली बरी झाली. वरई गेली.

सकाळपासून जागा बदलून बदलून लिहितेय. पहिली ओळ जव्हारच्या एसटी डेपोत लिहिली, तर शेजारची बाई कागदात डोकवायला लागली. मग बाजारात रसाच्या गाड्याजवळच्या बाकड्यावर बसले, तिथेही जमेना. आता शिरपामाळावर आलेय. इथे मुंबईची माणसं फोटो काढताहेत आणि वारा एवढा आहे की कागदावर एका बाजूने चप्पल ठेवलीय. घरी बसून लिहिता आलं असतं, पण घरी आई समोर येऊन बसते आणि माझ्या हाताकडे बघत राहते. तिला वाचता येत नाही, पण माझं पेन कुठे अडलं ते तिला बरोबर कळतं.

तू त्या वर्षी दिवाळीनंतर गुजरातच्या बंदरावर खलाशी म्हणून गेलास आणि होळीच्या तोंडावर बोटीच्या शेठचा फोन आला. बोट पलीकडच्या पाण्यात गेली, सगळे पकडले गेले. एसटी चुकली असं सांगावं तशा आवाजात त्याने सांगितलं. त्यानंतर मी बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला लागले, हे तुला माहीत नाही. तिथे चीनहून नवी मशीन आली होती आणि ती बसवायला एक बाई आली होती, माझ्याच वयाची. ती फोनमध्ये बोलायची, फोन हिंदीत काहीतरी विचित्र सांगायचा आणि सगळे हसायचे. मी मात्र दिवसभर तिच्या मागे मागे. एकदा एका मुलीची ओढणी पट्ट्यात गेली. ती बाई लांबून ओरडली, "थिंग! थिंग!" बाकीचे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या शब्दाचा अर्थ थांब असा होतो, हे मी तिच्याकडूनच शिकले होते. मी बटण दाबलं. मुलगी वाचली, ओढणी फाटली. त्या दिवसापासून मला ही भाषा सोडवेना. वाटायचं, नेमका शब्द कळला की माणूस वाचतो. मग तुझी आठवण यायची आणि हा विचार लंगडा पडायचा. तुम्हाला तर पकडायला आलेल्या बोटीवरचे काय ओरडत होते ते सगळं कळत होतं.

पुढे मुंबईला वसतिगृहात राहून भाषेचा कोर्स केला आणि आता शिष्यवृत्ती मिळालीय, उन्हाळाभराची. गंमत बघ, बीजिंगच्या जागा भरून गेल्या होत्या. उरल्या त्या तीन शहरांतल्या, तिन्ही समुद्राकाठची. शियामेन, छिंगदाओ आणि दालियन. यातलं एक शहर निवडून कळवायचं होतं. आमच्या मॅडम म्हणाल्या, "चंदना, लोक असल्या संधीसाठी रडतात आणि तू समुद्र बघून रडतेस?" त्यांना तुझ्याबद्दल मी कधी बोललेच नव्हते. त्या दिवशी बोलले. त्यांनी पिशवीतून संत्रं काढून सोलून मला दिलं.

शहर निवडायचं म्हणून मी वेड्यासारखी फोनवर त्या तीन गावांचे व्हिडिओ बघत बसायचे. शियामेन बेटावर आहे, झाडंबिडं आपल्यासारखी, केळीसुद्धा. पण तिथे उन्हाळ्यात वादळं येतात. ते नाव आईपुढे उच्चारलंच नाही. छिंगदाओला लाल छपरं आणि भरपूर लोक पाण्यात डुंबणारे. ते डुंबणारे लोक बघून मला राग यायचा, का ते सांगता येणार नाही. आपल्या विहिरीत तेव्हा पोहरा बुडेल इतकंही पाणी उरलं नव्हतं, टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसायच्या आणि मी तिथेच हंड्यावर बसून समुद्राचे व्हिडिओ बघायचे.

शेवटी आईला सांगावंच लागलं. ती नागली पाखडत होती. म्हणाली, "एक पोर दर्यानं नेला. आता तू पायानं चालत जाशील?" मी म्हटलं, तो दर्या वेगळा. तिने विचारलं, "पानी वेगळं हाय का?" मी फोनवर नकाशा काढला, तिला दाखवला, आणि बोटाखाली सगळीकडे निळंच निळं सरकत गेलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. मग मी तिला एक खरी गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात तिकडे मासेमारी बंद असते, सरकारचा नियमच आहे. बोटी सगळ्या बंदरात दोरीने बांधलेल्या असतात. आईचं सूप थांबलं. "सगळ्या?" मी म्हटलं, "सगळ्या." "आन् खलाशी?" मी म्हटलं, घरी. जाळी शिवतात, झोपतात, बायकोशी भांडतात. तिने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाली, "मंग तो गाव चांगला हाय." परत पाखडायला लागली. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

शेवटी मी दालियन कळवलं. कारण विचारशील तर मॅडमनी सांगितलं, तिथे जाऊ नकोस, तिथल्या लोकांच्या बोलण्याला समुद्रातल्या कालवांचा वास येतो, तुझा उच्चार बिघडेल. तिकडची माणसं स्वतःच आपल्या बोलीची अशी थट्टा करतात म्हणे. मी ऐकलं आणि मला ते गाव एकदम ओळखीचं वाटलं. मुंबईच्या वर्गात मी पहिल्यांदा "नाय" म्हटलं तेव्हा मुली हसल्या होत्या. माझ्या मराठीलाही नागलीचा वास असणार. शिवाय त्या गावात डोंगर आहेत, अगदी पाण्यापर्यंत उतरणारे. समुद्र नकोसा झाला तर त्याच्याकडे पाठ करून वर चढता येईल, असा मी विचार केला.

निवड झाली, कळवून झालं, तरी जीव जाग्यावर नाही. पाणी भरायला जाते आणि हंडा भरायचा विसरून परत येते. चिनी शब्द पाठ करायला बसले की मध्येच उठून रस्त्यापर्यंत जाते, एसटी येते का बघायला, आणि मला कुठेही जायचं नसतं. याचं कारण दर्या नाही, दादा. उन्हाळ्यात काही जणांना सोडणार, असं पुन्हा कानावर येतंय. मागच्या वेळी असंच ऐकलं होतं, तेव्हा मी बडोद्याच्या स्टेशनावर गेले होते. गाडीतून माणसं उतरत होती, सगळ्यांच्या दाढ्या सारख्या, सगळ्यांच्या हातात सारख्या पिशव्या. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत डब्यामागून डबा पळत होते. तू नव्हतास. डहाणूकडचा संदीप म्हणून एक जण भेटला. म्हणाला, "नवसू ना? तो आत भाकऱ्या थापतो. चांगल्या थापतो." घरी आयुष्यात तू तव्याला हात लावला नाहीस! मी फलाटावर बसून हसले. पुढच्या वेळी तू उतरशील तेव्हा समोर मीच उभी असणार, असं तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं. साहेबांशी कोण बोलणार, अर्ज कोण लिहिणार, हिंदीत कोण भांडणार? घरात मीच एक होते.

हे मी पारूवहिनीला नदीतल्या उरलेल्या डोहावर कपडे धुताना सांगितलं. म्हटलं, मी दालियनला नकार कळवते, दादाची सुटका झाली आणि मी इथे नसले तर? ती धोपटत होती ती थांबलीही नाही. म्हणाली, "तू जा. मी आनीन त्यांना." मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतेय. पण गेल्या महिन्यात ती तुझ्या कागदांसाठी पालघरच्या कचेरीत गेली, मला न सांगता. तिथल्या कुणी साहेबाने तिला म्हटलं, बाई, घरातल्या माणसाला पाठवा. ती म्हणाली, "मीच घरातलं मानूस." आणि काम होईपर्यंत तिथून हलली नाही. हे मला तिने सांगितलं नाही, तिच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलं. इतक्या वर्षांत ती केवढी बदललीय, हे एका घरात राहून मी पाहिलं नाही. कामाला ठाण्याला जाऊन तिने हिंदी शिकून घेतलीय, माझ्यापेक्षा खणखणीत. मीच काय ती सगळ्यांना सांभाळणारी, असं धरून बसले होते.

म्हणून हे पत्र. शहराची बातमी द्यायला नव्हे, आणि तुझी परवानगी मागायलाही नव्हे, कारण तुझं उत्तर येईपर्यंत मी गेलेली असेन. तुला फक्त आधी माहीत असावं. या उन्हाळ्यात दार उघडलं आणि तू सुटलास, तर गर्दीत मला शोधत बसू नकोस. मी दूर असेन आणि जिवंत असेन, खूश असेन, आणि तू आल्याचं कळलं की भर रस्त्यात चिनी लोकांसमोर मराठीत रडेन. तुला न्यायला पारूवहिनी येईल. ती जरा वाळलीय, केस कमी झालेत, चटकन ओळखू आली नाही तर तसं दाखवू नकोस. ती तुझ्याजवळ यायच्या आधी साहेबांशी बोलायला जाईल, कागद तपासेल, सह्या कुठे करायच्या ते विचारेल. तुला वाटेल आपण पुढे व्हावं, दादा. होऊ नकोस. पिशवी घेऊन तिथेच उभा राहा आणि तिचं बोलणं संपू दे.

जिथे असेन तिथून तुझीच,
चंदना